नागरिक कोणाला म्हणायचे?

शाळेत आम्ही दुसरे महायुद्ध शिकलो, ते एका वाक्यात संपले. अमेरिकेने हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब टाकले आणि जपान शरण आले. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळत. पुढे वाचन थोडे वाढले तेव्हा उमगले, की सगळा वाद त्या ‘आणि’मध्ये दडून बसला आहे. बॉम्ब पडले म्हणून जपान शरण आले, की बॉम्ब पडले त्याच दिवसांत जपान इतर कारणांनीही शरण येत होते? इतिहासकार ऐंशी वर्षे यावर भांडत आहेत. परंतु या भांडणाच्या मागे एक अधिक जुना प्रश्न उभा आहे. समजा, बॉम्बमुळेच युद्ध संपले असे उद्या निर्विवाद सिद्ध झाले, तरी ज्यांच्या हातात शस्त्र नव्हते अशा लाखो माणसांना जाळणे जायज ठरेल काय? आम्हाला या लेखात मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे.

आधी घटना पाहू. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता ‘एनोला गे’ या विमानातून सोडलेला युरेनियमचा बॉम्ब हिरोशिमावर सुमारे सहाशे मीटर उंचीवर फुटला. नेम शहराच्या मध्यावरील एका पुलाचा होता. स्फोट जवळच्या एका रुग्णालयाच्या माथ्यावर झाला. ९ ऑगस्टला दुसरे विमान प्लुटोनियमचा बॉम्ब घेऊन कोकुरा शहराकडे निघाले. तिथे खालचे काही दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. अकरा वाजून दोन मिनिटांनी बॉम्ब उराकामी खोऱ्यावर फुटला. शतकांचा छळ सोसून टिकलेल्या जपानी कॅथलिकांची ही वस्ती. वर्ष संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे एक लाख चाळीस हजार आणि नागासाकीत सत्तर हजारांहून अधिक माणसे मेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. किरणोत्साराने झिजून नंतर गेलेले यात नाहीत.

हिरोशिमात सैन्य नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. दुसऱ्या महासेनेचे मुख्यालय तिथे होते, उजिना बंदरातून फौजा रवाना होत, शहरात हजारो सैनिक होते. पण त्याच सकाळी हजारो शाळकरी मुले-मुली रस्त्यावर राबत होती. हवाई हल्ल्याची आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे करण्याचे काम त्यांना दिले होते. त्यांतली बहुतेक बारा-तेरा वर्षांची. कामाच्या जागी, उघड्या आभाळाखाली ती मेली. कोरियातून आणलेले, आलेले हजारो मजूर आणि त्यांची कुटुंबे शहरात होती. त्यांचे स्मारक १९७० साली उभे राहिले तेही शांती उद्यानाच्या बाहेर. आत यायला त्याला १९९९ उजाडले.

आमच्या वाचकांना ठाऊक नसावी अशीही एक गोष्ट आहे. जपानने जिंकलेल्या दक्षिण-पूर्व आशियातून काही तरुणांना शिक्षणासाठी जपानमध्ये नेले होते. त्यांतले काही हिरोशिमाच्या विद्यापीठात होते आणि त्यांत मलाया, इंडोनेशिया, ब्रुनेई इथली मुसलमान मुले होती. मलायाचे अब्दुल रझाक आणि ब्रुनेईचे पेंगिरान युसूफ वाचले. युसूफ यांनी पुढे आपल्या देशाचे राष्ट्रगीत लिहिले आणि ते तिथले मुख्यमंत्रीही झाले. मलायाचाच निक युसूफ हिरोशिमात गेला. सय्यद उमर हा तरुण प्रथम बचावल्यासारखा वाटला; परतीच्या वाटेवर क्योतोमध्ये त्याची प्रकृती ढासळली आणि सप्टेंबरच्या आरंभी त्याचा इंतकाल झाला. क्योतोच्या एन्कोजी या बौद्ध मंदिराच्या आवारात त्याची कबर आहे. जपानने त्याचा देश व्यापला होता आणि जपानच्या शत्रूने त्याला मारले. या युद्धात तो कोणाच्या बाजूचा होता?

९ ऑगस्टच्या रात्री राष्ट्राध्यक्ष ट्रुमन रेडिओवर बोलले. पहिला बॉम्ब हिरोशिमा या लष्करी तळावर टाकला आणि तो यासाठी, की शक्य तितके नागरिकांचे प्राण वाचावेत, असे त्यांनी जगाला सांगितले. २५ जुलैच्या रोजनिशीतही त्यांनी लिहून ठेवले होते, की लक्ष्य सैनिक आणि नाविक असावेत, बायका-मुले नसावीत, असे आपण युद्धमंत्री स्टिमसन यांना बजावले आहे. ट्रुमन स्वतःची फसवणूक करत होते की जगाची, हे सांगणे कठीण. मात्र साडेतीन लाख वस्तीच्या शहराला ‘तळ’ म्हटल्याशिवाय ते वाक्य त्यांना बोलता आले नसते. खून करण्याआधी शब्द बदलावा लागतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

शब्द बदलण्याचे हे काम ट्रुमन यांच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. असंरक्षित शहरांवर मारा करू नये, असा नियम १९०७ च्या हेग करारात होता. १९३७ साली जर्मन आणि इटालियन विमानांनी स्पेनमधील गेर्निका जाळले; जपानने १९३८ पासून चीनच्या चुंगकिंगवर वर्षानुवर्षे बॉम्ब ओतले. तेव्हा जगाने संताप व्यक्त केला. १ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लढणाऱ्या सर्व देशांना जाहीर आवाहन केले, की नागरी वस्त्यांवर विमानातून बॉम्ब टाकू नका, हे रानटीपण आहे. अडीच वर्षेही झाली नव्हती, तोच ब्रिटनच्या वायुदलाला आदेश मिळाला, की जर्मन नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे मनोधैर्य मोडणे हे मुख्य उद्दिष्ट समजावे. हॅम्बुर्ग जळाले, ड्रेस्डेन जळाले. ९ मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकी विमानांनी टोकियोच्या लाकडी वस्त्यांवर आगलावे बॉम्ब टाकले आणि एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली. म्हणजे ऑगस्ट उजाडण्यापूर्वीच रेषा ओलांडून झाली होती. अणुबॉम्बने नवे शस्त्र आणले, नवी परवानगी आणली नाही. ती आधीच घेतली गेली होती.

निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीतले वातावरण आता कागदपत्रांतून कळते. ३१ मे १९४५ रोजी स्टिमसन यांच्या अध्यक्षतेखालील अंतरिम समितीची बैठक झाली. पूर्वसूचना देऊ नये, केवळ नागरी भागावर नेम धरू नये, पण शक्य तितक्या रहिवाशांच्या मनावर खोल ठसा उमटावा, असे ठरले. सर्वांत योग्य लक्ष्य कोणते? तर पुष्कळ कामगार असलेला आणि कामगारांच्या घरांनी वेढलेला महत्त्वाचा युद्धकारखाना. या वर्णनातली ‘घरे’ चुकून आलेली नाहीत. ती लक्ष्याचा भाग आहेत. याच स्टिमसन यांनी क्योतो शहर यादीतून हट्टाने काढून टाकले, कारण ते जपानची प्राचीन राजधानी आणि कलेचे माहेरघर होते. एका माणसाच्या शब्दाने एक शहर वाचू शकत होते. वाचवण्याची ताकद होती, याचा अर्थ न वाचवणे हाही निर्णय होता.

विरोध करणारे नव्हते असेही नाही. ज्यांनी बॉम्ब घडवण्यात हात लावला, त्यांच्यातूनच आवाज उठला. शिकागोच्या शास्त्रज्ञांनी जेम्स फ्रांक यांच्या नेतृत्वाखाली ११ जूनला अहवाल दिला: आधी निर्जन जागी प्रात्यक्षिक दाखवा. जुलैत लिओ झिलार्ड यांनी अर्ज तयार केला. त्यावर सत्तर सह्या होत्या. ओपेनहायमर, फर्मी यांच्या शास्त्रीय मंडळाने मात्र युद्ध थांबवू शकेल असे प्रात्यक्षिक आपल्याला सुचवता येत नाही, असे कळवले. बॉम्ब टाकण्याचा लेखी आदेश २५ जुलैला निघाला; जपानला शरण येण्याचा इशारा देणारी पॉट्सडॅमची घोषणा त्याच्या दुसऱ्या दिवशी, २६ जुलैला झाली. त्या आदेशात पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे टाकावेत, असेही होते. त्यामुळे नागासाकीसाठी कोणी वेगळा विचार केला नाही. यंत्र सुरू होते, ते चालत राहिले. १० ऑगस्टला ट्रुमन यांनी ते थांबवले. आणखी एक लाख माणसे, इतकी सारी मुले मारण्याची कल्पना सहन होत नाही, असे ते मंत्रिमंडळात बोलल्याची नोंद त्यांचे सहकारी हेन्री वॉलेस यांनी रोजनिशीत केली आहे. आदल्याच रात्री रेडिओवर जो ‘लष्करी तळ’ होता, तिथे आता मुले दिसू लागली होती.

आता दुसरी बाजू. ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओकिनावाच्या लढाईत बारा हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक पडले आणि त्याहून कितीतरी पट जपानी सैनिक व स्थानिक रहिवासी. नोव्हेंबरात क्युशू बेटावर उतरण्याची तयारी चालली होती. जपानवरील स्वारीत जाणार असलेल्या तरुणांपैकी एक, पुढे लेखक झालेले पॉल फसेल, यांनी १९८१ साली उघडच लिहिले, की ज्यांना किनाऱ्यावर मरायला जायचे नव्हते त्यांना बॉम्ब चुकीचा म्हणणे सोपे आहे. शिवाय जपानी सैन्याखाली दररोज माणसे मरत होती: चीनमध्ये, फिलिपिन्समध्ये, जावाच्या वेठबिगार मजुरांत, ब्रह्मदेशच्या रेल्वेमार्गावर. आपल्या अंदमानातही ३० जानेवारी १९४४ रोजी हेरगिरीच्या आरोपावरून ४४ हिंदी माणसांना जपान्यांनी गोळ्या घातल्या. युद्ध एक महिना लांबले असते तर आशियातली किती निष्पाप माणसे मेली असती? हा सवाल खरा आहे. नुसत्या अमेरिकाद्वेषाने त्याला उत्तर देता येत नाही.

तरीही या हिशेबाकडे नीट पाहायला हवे. स्टिमसन यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये मासिकात लेख लिहून सांगितले, की स्वारी झाली असती तर एकट्या अमेरिकेचे दहा लाखांहून अधिक जवान हताहत झाले असते. १९४५ च्या जून महिन्यात लष्करी नियोजकांनी मांडलेले आकडे निरनिराळे होते आणि बहुतांशी याहून बरेच कमी होते. अमेरिकी सरकारच्याच बॉम्बफेक सर्वेक्षणाने १९४६ मध्ये मत दिले, की अणुबॉम्ब, रशियाचा युद्धप्रवेश आणि स्वारी यांपैकी काहीही झाले नसते तरी जपान वर्षाअखेरपर्यंत शरण आले असते. या मतावरही पुढे आक्षेप घेतले गेले. ८ ऑगस्टला रशियाने युद्ध पुकारले आणि दुसऱ्या पहाटे मांचुरियात फौजा घुसवल्या. ९ ऑगस्टला टोकियोत सर्वोच्च युद्धमंडळ बसले असतानाच नागासाकीची बातमी आली. तरीही मंडळ तीन विरुद्ध तीन असेच दुभंगलेले राहिले. शेवटी कौल सम्राटाने दिला. बॉम्बने धक्का दिला, रशियाने वाट बंद केली, आणि सम्राटपद राहील की जाईल हा प्रश्न अखेरपर्यंत अडून राहिला. एका कारणावर बोट ठेवता येत नाही. मग ‘हाच एक मार्ग होता’ हे वाक्य इतक्या खात्रीने कसे म्हणता येईल?

इथे आम्हाला इमाम गझालींची आठवण होते. इ. स. ११११ मध्ये निवर्तलेल्या या विद्वानाने ‘अल-मुस्तस्फा’ या ग्रंथात एक अवघड प्रसंग घेतला आहे. शत्रूने मुसलमान कैद्यांची ढाल करून चाल केली तर काय करावे? गझाली परवानगी देतात, पण तिला तीन कुलपे घालतात. गरज अटळ हवी. दुसरा कोणताही मार्ग उरलेला नसावा. फळ निश्चित हवे. अटकळीवर भागणार नाही. आणि जे वाचवायचे ते एखाद्या गटाचे हित नसावे, संपूर्ण समाजाचे अस्तित्व असावे. बुडत्या नावेतला एक जण फेकला तर बाकीचे वाचतील, अशा वेळीही त्याला फेकता येणार नाही, असे ते म्हणतात, कारण नाव म्हणजे अवघी उम्मत नव्हे. ही कुलपे हिरोशिमाला लावून पाहा. मार्ग उरले नव्हते काय? प्रात्यक्षिक होते, सम्राटपदाविषयी शब्द देणे होते, थोडे थांबणे होते. फळ निश्चित होते काय? बॉम्ब टाकणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हते. अमेरिकेचे अस्तित्व धोक्यात होते काय? ऑगस्ट १९४५ मध्ये नव्हते. एकही कुलूप उघडत नाही.

पण ही तराजू दुसऱ्यासाठी वापरताना स्वतःलाही तिच्यात बसवायला हवे. गझालींनी ही चर्चा मुसलमान कैद्यांपुरती केली होती, हे विसरून चालणार नाही. सैन्य पाठवताना हजरत अबू बक्र (रजि.) यांनी दिलेल्या सूचना आपण अभिमानाने सांगतो: बाई, मूल, वृद्ध यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, मठात एकांतवासात राहिलेल्यांना त्रास देऊ नका. मात्र पुढच्या फकीहांनी वेढा पडलेल्या शहरावर मिंजनीकने दगड फेकण्याचा, रात्री छापा घालण्याचा विचार केला, तेव्हा बायका-मुले मधे असली तरी चालेल अशा सवलती काढल्याच. ताइफच्या वेढ्याची रिवायत त्यासाठी पुढे केली गेली. मिंजनीकचा दगड एक भिंत पाडत होता. त्याच सवलतीच्या आधाराने कोणी अणुबॉम्बचे समर्थन करू लागला, तर अपवादाने नियम गिळला असेच म्हणावे लागेल.

ही भीती काल्पनिक नाही. जुलै १९४५ मध्ये अमेरिकेच्या पाचव्या वायुदलाच्या एका गुप्तवार्ता अधिकाऱ्याने लिहिले, की जपानची सगळी लोकसंख्या हेच लष्करी लक्ष्य आहे, जपानमध्ये नागरिक नाहीतच. सत्तावन्न वर्षांनी, २००२ साली, ओसामा बिन लादेनच्या नावे अमेरिकी जनतेला उद्देशून पत्र प्रसिद्ध झाले. त्यात युक्तिवाद होता, की अमेरिकेचे लोक कर भरतात, सरकार निवडून देतात, म्हणून ते निरपराध नाहीत. आधीच्या मुलाखतींत त्याने हिरोशिमा-नागासाकीचा दाखला दिलाच होता: तुम्ही तिथे बायका-मुले सोडली नाहीत, मग आम्हाला का विचारता? हे दोघे एकमेकांचे वैरी, पण वाक्य एकच बोलतात. समोरच्यांत नागरिक नाहीत. आमच्यापैकी काही जण हिरोशिमाचे नाव घेतात ते रडण्यासाठी नाही, हिशेब चुकता करण्यासाठी. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की हिरोशिमाला जुलूम म्हणायचे असेल तर तिच्या दलीलीवर आपला हक्क सांगता येणार नाही.

१९५६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने ट्रुमन यांना मानद पदवी द्यायचे ठरवले, तेव्हा एलिझाबेथ अ‍ॅन्सकोम या तत्त्वज्ञ बाईंनी भर सभेत विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता: निरपराधांना मारणे हे साध्याचे साधन म्हणून निवडले की तो खून होतो, साध्य कितीही चांगले असो. त्यांच्या बाजूने मोजकीच माणसे होती. पदवी दिली गेली. त्या युद्धखोरी न मानणाऱ्या शांततावादी नव्हत्या. युद्ध न्याय्य असू शकते असे त्या मानत. म्हणूनच त्यांच्या बोलण्याला वजन आहे. युद्ध न्याय्य असणे वेगळे आणि युद्धात सर्व काही न्याय्य असणे वेगळे, हा फरक त्यांना राखायचा होता.

कायद्याने हा प्रश्न तीनदा हाताळला. टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणावर बसलेले आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी १९४८ च्या भिन्नमतपत्रात म्हटले, की पॅसिफिकच्या युद्धात नाझी नेत्यांच्या आदेशांच्या जवळ जाणारे काही असेल तर तो अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय. याच पालांनी नानकिंगचे अत्याचार घडल्याचे नाकारले नव्हते. ७ डिसेंबर १९६३ रोजी टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने दोन्ही हल्ले आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध ठरवले, मात्र फिर्यादी पीडितांना भरपाई नाकारली. ८ जुलै १९९६ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले, की अण्वस्त्रांचा वापर साधारणपणे बेकायदा आहे. परंतु राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले असेल अशा वेळी काय, ते निश्चित सांगता येत नाही. मते सात विरुद्ध सात पडली. अल्जीरियाचे अध्यक्ष मोहम्मद बेजावी यांच्या निर्णायक मताने तो निकाल झाला. श्रीलंकेचे न्यायमूर्ती वीरमंत्री यांना ती पळवाट मान्य नव्हती. त्यांनी आपल्या भिन्नमतात रामायण-महाभारतापासून इस्लामी युद्धनियमांपर्यंत दाखले देऊन दाखवले, की निःशस्त्राला सोडण्याचा नियम कुण्या एका खंडाची मिरास नाही.

‘राष्ट्राचे अस्तित्व’ हे शब्द आपल्या उपखंडाने दोनच वर्षांत उच्चारले. मे १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले, मग चगाईला. दोन्हीकडे मिठाई वाटली गेली. कोणी आपल्या बॉम्बला हिंदू म्हटले, कोणी इस्लामी. बॉम्बला धर्म देता येतो, पण त्याला कलमा येत नाही आणि मंत्रही येत नाही. मुंबई असो वा कराची, तो खाली पाहून माणसे वेगळी करणार नाही. जसा तो १९४५ मध्ये सय्यद उमरला वेगळा करू शकला नाही. अण्वस्त्रबंदीचा जागतिक करार २०१७ साली मंजूर होऊन २०२१ मध्ये अमलात आला. तो घडवण्यामागे हिबाकुशांची, म्हणजे बॉम्बमधून वाचलेल्यांची, आयुष्यभराची वणवण होती. त्यांच्या निहोन हिदान्क्यो या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले. भारत आणि पाकिस्तान या दोघांनीही त्या करारावर सही केलेली नाही.

त्या शाळकरी वाक्याकडे पुन्हा येऊ. आमच्या नातवंडांना ते शिकवताना ‘आणि’पाशी आम्ही थोडे थांबू. तिथे त्या दिवशी रस्ता साफ करणारी मुले आहेत, उराकामीची वस्ती आहे, कोरियन मजूर आहेत, आणि बौद्ध मंदिराच्या आवारात विसावलेला मलायाचा एक मुसलमान विद्यार्थी आहे. त्यांना ‘तळ’ म्हणायचे की माणसे, हे ठरवल्यावरच पुढचे वाक्य वाचावे.